फट झाकायची, बुजवायची नाही

जून संपत आला की कोल्हापुरात घरोघरी एक आवाज सुरू होतो, खांदा लावून दार ढकलल्याचा. मे महिन्यात बोटाने लोटलं तरी लागणारं दार, झड चार दिवस टिकली की चौकटीत गच्च बसतं. मग सुतार येतो, रंधा मारतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच दाराच्या कडेतून पलीकडचा उजेड दिसतो. जुन्या वाड्यांत माळ्याच्या तक्तपोशीचंही तेच. उन्हाळ्यात तिच्या फटींतून अंथरुणावर माती गळायची, श्रावणात ती आपोआप थांबायची. लाकूड ओल पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण तेच लाकूड दार सोडून जमिनीवर आलं की हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. निदान माझं तरी गेलं होतं.

राजारामपुरीतल्या आमच्या घरात लेकीच्या खोलीत जुन्या मोझाइक टाइल्सवर लॅमिनेटची लाकडी जमीन घातली. मिस्त्री जाणता होता. जुन्या मोझाइकच्या स्कर्टिंगपासून त्याने चारी बाजूंनी तीन सूत जागा मोकळी सोडली आणि म्हणाला, “पट्टीचा रंग मिळंना झालाय साहेब, आठ दिवसांत आणून मारतो.” आठाचे वीस दिवस झाले. तोवर त्या फटीत लेकीचं खोडरबर गेलं, आईची सेफ्टी पिन गेली, आणि एका रात्री तिच्यातून झुरळ बाहेर आलं. “खोलीला चारी बाजूंनी गटार काढलंय,” असं आई आल्यागेल्याला सांगू लागली. शेवटी एका रविवारी मी पांढरं सिमेंट आणलं, त्यात पिवळा-तांबडा रंग कालवला आणि सगळी फट सुबक भरून काढली. सोमवारी मिस्त्रीला फोन करून “आता पट्टी नको” असं ऐटीत सांगितलंही. ही एप्रिलची गोष्ट. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खोलीच्या मधोमध जमीन पापडासारखी फुगली. पाय ठेवला की धप्प आवाज यायचा आणि पाऊल उचललं की जमीन पुन्हा वर. पटाशी आणि हातोडी घेऊन मीच भरलेलं सिमेंट मीच फोडून काढलं. त्यात कडेच्या चार पट्ट्यांचे टवके उडाले. जमीन पंधरा-वीस दिवसांत आपोआप खाली बसली, टवके मात्र राहिले.

लाकडी जमिनीच्या कडेचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. फट दिसता कामा नये, पण ती असली पाहिजे. तिच्यावर काहीतरी झाकण घालायचं आणि आत पोकळी तशीच ठेवायची. पुढे जे सांगतो आहे ते झाकण कसलं घ्यायचं, कुठे चिकटवायचं आणि कुठे चिकटवायचं नाही, एवढ्यापुरतं आहे.

फट किती

आपल्याकडे घरात जी लाकडी जमीन घालतात ती बहुतेक वेळा खाली चिकटवलेली नसते. दोन-तीन मिलिमीटरचा फोम अंथरायचा आणि त्यावर एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या बसवत जायचं. सगळी जमीन मिळून एकच मोठं जाजम होतं आणि ते जाजम फरशीवर मोकळं पडून असतं. ओल वाढली की सगळंच्या सगळं पसरतं, आणि पसरायला जागा फक्त कडेला असते.

किती पसरेल हे मालावर आहे. लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या तंतूंचा, दाबून केलेला असतो. दुकानात त्याला एचडीएफ म्हणतात. तो लांबीतही पसरतो आणि रुंदीतही. अस्सल लाकूड रुंदीत बरंच वाढतं, लांबीत जवळजवळ नाही. एसपीसी म्हणून दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या हल्ली खूप खपतात. त्यांना पाण्याचं काही वाटत नाही, पण उन्हाचं वाटतं. गॅलरीच्या काचेतून दुपारभर ऊन येत असेल तर त्याही पसरतात. “वॉटरप्रूफ आहे, फट लागत नाही” असं कुणी म्हणालं तर त्याचा मुद्दा निम्माच खरा आहे.

साधारण हिशोब असा की खोलीच्या दर मीटरमागे प्रत्येक कडेला दीड मिलिमीटर, आणि खोली कितीही लहान असली तरी ८ ते १० मिलिमीटरपेक्षा कमी नाही. २० फुटी हॉल म्हणजे ६ मीटरच्या थोडा वर, तिथे ९ मिलिमीटर येतात. म्हणून मिस्त्री सरसकट तीन सूत धरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. हिशोब बरोबर बसतो. हॉल, पॅसेज आणि खोली एकसंध करायचा मोह असेल तर मात्र ८-१० मीटरनंतर जमीन तोडून मध्ये टी-पट्टी घालावी लागते. खोक्यात कंपनीचा जो कागद येतो त्यात नेमका आकडा असतो. माझ्या आकड्याशी तो जुळला नाही तर कागदाचं ऐका.

आकड्याइतकाच महिना महत्त्वाचा, आणि याचा विचार कुणी करत नाही. मे महिन्यात घातलेली जमीन सगळ्यात सुकलेली असते, ती पुढे फुगणारच. तेव्हा फट पुरी तीन सूत हवीच, अर्धा सूत जास्त झाली तरी बिघडत नाही. ऑगस्टमध्ये घातलेली जमीन आधीच फुगून बसलेली असते. ती एप्रिलपर्यंत आकसेल, म्हणून तिथे झाकणाची पट्टी रुंद घ्यायची. नाहीतर उन्हाळ्यात पट्टीच्या खालून जमिनीची कापलेली कड बाहेर डोकावते. जिल्हा एकच असला तरी हवा एक नाही. शिरोळ-इचलकरंजीच्या बाजूला पाऊस कमी, गगनबावड्याला तो कित्येक पट. पन्हाळ्यावर किंवा आंबोलीकडे शनिवार-रविवारचं घर असेल, आठवडाभर दारं-खिडक्या बंद राहत असतील, तर मी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, सोडायला सांगेन.

सगळ्यात बरा काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. पण दिवाळीच्या आधी रंग आणि फ्लोअरिंग दोन्ही उरकायची आपली रीत आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या दमट हवेत ट्रकमधून उतरलेली खोकी त्याच संध्याकाळी फोडली जातात. ती निदान ४८ तास त्याच खोलीत, न फोडता, आडवी ठेवायला सांगा. लाकडाला त्या खोलीची हवा लागू द्या. जुनी फरशी ओल धरते का हेही याच दोन दिवसांत कळतं. प्लास्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर चिकटवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी खालून घाम आलेला दिसला तर नुसत्या फोमवर भागणार नाही, त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद हवा.

आधी जुनं स्कर्टिंग बघा

परदेशातल्या व्हिडिओत माणूस पहार घालून लाकडी स्कर्टिंग अलगद उपटतो, जमीन घालतो आणि तेच स्कर्टिंग पुन्हा ठोकतो. फट त्याच्याखाली आपोआप झाकली जाते. ते बघून आपल्याकडे कुणी हा प्रयोग करू नये. आपलं स्कर्टिंग सिमेंटात बसवलेलं असतं, ते निघताना गिलावा सोबत घेऊन निघतं. एका खोलीचं स्कर्टिंग काढायला गेलेला माणूस चार खोल्यांच्या रंगाचं बिल भरून परत येतो, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

तेव्हा जुनं आहे तसंच ठेवायचं. फक्त ते कसलं आहे ते नीट पाहायचं. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलचं असेल तर ते भिंतीपासून ८-१० मिलिमीटर बाहेर आलेलं असतं आणि बहुधा सरळ असतं. हे सगळ्यात सोपं. मोझाइकचं स्कर्टिंग जागेवर घासून केलेलं असतं, लांबून सरळ दिसतं, पण पाच फुटांची सरळ पट्टी लावली की मध्ये पोट आणि कडेला खळगा सापडतो. कोटा किंवा शहाबादीचं स्कर्टिंग जाड, इंचभर बाहेर, आणि वरची कड हाताने तासलेली.

सगळ्यात फसवं स्कर्टिंग जुन्या कोब्याच्या घरात असतं. तिथे जमीन आणि भिंत यांच्यामध्ये कोपरा नसतो, गोल वाटा मारलेला असतो. पाणी ओतून धुवायला तो उत्तम. पण लाकडी पट्टी त्या वाट्यावर चढली की तिची कड उचलली जाते आणि सांधा पहिल्याच महिन्यात तुटतो. अशा खोलीत फट स्कर्टिंगपासून मोजायची नाही. वाटा जिथे सुरू होतो तिथून मोजायची. मग फट दीड-दोन इंची दिसते आणि साध्या बारीक पट्टीने झाकली जात नाही. तिथे तळाला रुंद अशी खास पट्टी सुताराकडून काढून घ्यावी लागते.

जमीन घालताना कडेला ज्या पाचरी लावतात त्या लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या हव्यात. पुठ्ठ्याची घडी दाबली जाते आणि तीन सुतांची दोन सूत होते. काम झाल्यावर सगळ्या पाचरी निघाल्या का, हे मोजून बघा. लावल्या होत्या किती आणि निघाल्या किती. एखादी आत राहिली तर तिथे फट बुजवल्यासारखंच झालं. शेवटची ओळ दोन इंचांपेक्षा अरुंद येत असेल तर पहिली ओळ आधीच कापून दोन्ही कडा सारख्या करायला हव्या होत्या. हे काम सुरू होण्याआधी मिस्त्रीला विचारायचं असतं, संपल्यावर विचारलं तर तो छताकडे बघतो.

पट्टी

झाकण म्हणजे बहुतेक घरांत पाव गोलाची बीडिंग पट्टी. लांब गोल दांडा उभा चार भागांत चिरला की एक भाग जसा दिसेल तशी. तिची एक सपाट बाजू स्कर्टिंगला टेकते, दुसरी जमिनीवर झुकते. फट १० मिलिमीटरची असेल तर पट्टी निदान १५ ते १८ मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे आकसलेल्या दिवसांतही पाच-सहा मिलिमीटर जमीन तिच्याखाली राहते. पाव गोलाऐवजी आत वळलेली, म्हणजे वाट्यासारखी पट्टीही मिळते. ती दिसायला नाजूक असते. मोझाइकच्या पोटाला ती बरी वाकते, पण तिच्या बारीक कडेला झाडूने टवके पडतात. लहान मुलं आणि जोरात झाडणाऱ्या मावशी असतील तर पाव गोलच घ्या.

माल कोणता? एमडीएफची पट्टी सगळ्यात स्वस्त, रंग जमिनीशी हुबेहूब, आणि पोछ्याच्या पाण्याने वर्षभरात फुगणारी. मी ती फक्त झोपायच्या खोलीत चालवून घेईन. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीची पट्टी पाण्याला घाबरत नाही, वाळवीलाही नाही. सागवानी पट्टी टिंबर मार्केटमध्ये काढून मिळते आणि जुन्या घरात तिच्याइतकं काही शोभत नाही. पण ती लावण्याआधी पॉलिश फक्त दर्शनी बाजूला नको. मागे, खाली आणि कापलेल्या टोकांनाही हवं. ओल शिरते ती न दिसणाऱ्या बाजूनेच. वाळवीचा इतिहास असलेल्या तळमजल्यावर पट्टीच्या आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या. बंद फटीत पट्टीआड वाळवीला सुखाने राहता येतं.

रंगाबद्दल भांडणं होतात. दुकानदार जमिनीच्या रंगाची पट्टी पुढे करतो. माझं मत उलट आहे. पट्टी स्कर्टिंगच्या रंगाची घेतली की ती स्कर्टिंगचाच भाग वाटते आणि जमीन स्वच्छ रेषेत संपते. जमिनीच्या रंगाची घेतली की खोलीला काठ लावल्यासारखा दिसतो, आणि भिंत वाकडी असेल तर तो काठही वाकडा दिसतो. अपवाद ठिपक्याठिपक्यांच्या मोझाइकचा. त्याच्याशी जुळणारा रंग जगात कुठेच नाही, तिथे जमिनीचाच घ्या.

माल किती लागेल ते स्वतः काढा. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे परीघ ४४ फूट. दाराचे तीन फूट वजा केले की ४१ उरतात. कोपऱ्यांच्या तिरप्या कापात वाया जातं म्हणून दहा टक्के वर धरा, म्हणजे ४५. आठ फुटी सहा नग पुरतात. जमिनीचा दर चौरस फुटाला असतो आणि पट्टीचा रनिंग फुटाला. पहिल्या कोटेशनमध्ये पट्टी, धातूच्या प्रोफाइल, दाराला रंधा मारणं आणि चौकटीखाली कापणं या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहा. बहुतेक वेळा नसतात, आणि शेवटच्या दिवशी तोंडी निघतात.

आता चिकटवणं. पट्टी स्कर्टिंगला चिकटवायची, जमिनीला अजिबात नाही. पट्टी जमिनीला चिकटली की जमीन भिंतीला बांधली गेली. खिळे ठोकायचेही असले तर स्कर्टिंगमध्ये, आडवे, आणि तेही स्कर्टिंग लाकडी असेल तरच. टाइलला खिळा लागत नाही, तडा जातो. नेहमीचं फेविकॉल इथे कामाचं नाही. तो पांढरा गोंद लाकडात पाणी सोडून वाळतो आणि चकचकीत टाइल पाणी पीत नाही. आठ दिवसांत पट्टी सुटून हातात येते आणि दोष गोंदाला दिला जातो. गनमधून मारायच्या पॉलिमरच्या ट्यूबा मिळतात, त्या घ्या. त्याआधी टाइलची चकाकी सँडपेपरने घालवा आणि थिनरच्या फडक्याने पुसा. वर्षानुवर्षांच्या फिनाइलचा आणि तेलकट हातांचा थर तिथे असतो.

लावताना जमिनीवर कडेने मास्किंग टेप मारून ठेवा. ट्यूबची रेघ पट्टीच्या फक्त उभ्या पाठीवर, आणि तीही वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे दाबल्यावर खाली ओघळत नाही. पट्टी बसवताना तिच्याखाली जागोजागी जुनी व्हिजिटिंग कार्डं घाला, पट्टी स्कर्टिंगला दाबा, दर फुटावर मास्किंग टेपने ताणून बांधा आणि चोवीस तास हात लावू नका. मग टेप आणि कार्डं काढून घ्या. कार्डाच्या जाडीएवढी फट पट्टी आणि जमीन यांच्यात राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, जमिनीला मात्र पुरते. स्कर्टिंगला पोट असेल तिथे पट्टीच्या वरच्या कडेला सांध दिसेल. तिथे रंग देता येणारं ॲक्रिलिक भरा. सिलिकॉन भराल तर त्याच्यावर रंग कधीच बसणार नाही.

कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडायच्या ही पुस्तकी रीत झाली. आपल्या खोल्यांचे कोपरे ९० अंशांचे नसतात, गुण्या लावून बघा. कुठे ८८, कुठे ९२. आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्यावी आणि दुसरीच्या टोकाला पहिलीच्या गोलाईची खाच कोरून ती तिच्यावर बसवावी. कोपरा कसाही असला तरी सांधा मिटतो. जुने सुतार पटाशीने दोन मिनिटांत करतात. नवीन पोरं मशीनवर तिरपा काप घेतात आणि उरलेल्या फटीत मेण भरतात. बाहेर आलेल्या कोपऱ्याला, खांबाला वगैरे, ४५ चे काप घ्यावेच लागतात. तिथे दोन तुकडे आधी रद्दी पट्टीतून कापून बघायचे.

पट्टी नकोच असेल, किंवा जुनं स्कर्टिंगच डोळ्यांत खुपत असेल, तर दुसरी वाट आहे. जुन्यावरून नवीन स्कर्टिंग चढवणं. पाठीला खाच असलेली पीव्हीसीची किंवा लाकडाची उंच पट्टी जुन्या चार इंची टाइलला पोटात घेऊन भिंतीला टेकते. वेगळी बीडिंग लागत नाही, कारण नव्या स्कर्टिंगची जाडीच फट झाकते. खोली नवी दिसते. पण खर्च जास्त, विजेचे खालचे बोर्ड आणि दाराच्या चौकटी आड येतात, आणि जुन्या कोट्याचं इंचभर जाड स्कर्टिंग पोटात घेणारी पट्टी सहसा मिळत नाही. ग्राइंडरने जुनं स्कर्टिंग खालून कापून जमीन आत सरकवायचाही एक सल्ला दिला जातो. टाइलची धूळ सगळ्या घरात बसते, आणि कापताना टाइल सुटली की पुन्हा गिलाव्याचं काम निघतं. माझं ऐकाल तर नको.

दार, उंबरा, न्हाणी, गॅलरी

लाकडी चौकटीभोवती पट्टी कधीच नीट दिसत नाही. तिथे चौकटच खालून कापायची. लाकडी जमिनीचा एक तुकडा फोमसकट चौकटीला टेकवून ठेवायचा, त्याच्यावर करवत आडवी टेकवून तेवढ्या उंचीचा काप घ्यायचा, आणि जमीन चौकटीखाली सरकवायची. आतही फट ठेवायची, ती चौकटच झाकते. ८ मिलिमीटरच्या पट्टीखाली २ मिलिमीटर फोम म्हणजे जमीन एक सेंटिमीटर वर आली. दार घासेल, म्हणून दाराला रंधा आधीच मारून घ्यायचा, जमीन झाल्यावर ओरखडे मोजत बसण्यापेक्षा.

उंबऱ्याला मात्र करवत लावू नका. कुणी लावूही देणार नाही. तिथे रोज हळदीकुंकू वाहिलं जातं, सणावाराला पाणी फिरतं, रांगोळी निघते. जमीन उंबऱ्याच्या तीन सूत अलीकडे थांबवायची आणि धातूची शेवटपट्टी लावायची, जिचा एक पाय खालच्या फरशीला स्क्रूने बसतो आणि वरचा ओठ जमिनीवर झुकतो. तयार प्रोफाइल ठरावीक मापातच मिळते. उंबरा वेडावाकडा असेल तर उद्यमनगरात पितळेची किंवा स्टेनलेसची पट्टी हव्या त्या मापात वाकवून मिळते. ओतकामाच्या आणि लेथच्या गावात राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

न्हाणीघराच्या ग्रॅनाइटच्या पट्टीपाशी नियम थोडा वाकवावा लागतो. तिथे फट उघडी राहिली तर पाणी सरळ फोममध्ये जातं. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि फक्त वरच्या चार-पाच मिलिमीटरला सिलिकॉन. सिलिकॉन ताणलंही जातं आणि दबलंही जातं, खाली दोरी असल्यामुळे जमिनीला वाव राहतो. माझ्या पांढऱ्या सिमेंटशी याची गल्लत करू नका.

गॅलरीच्या सरकत्या दाराच्या ॲल्युमिनियम रुळापाशी पाव गोल पट्टी लावली की दार तिच्यावर आपटतं. तिथे बारीक ॲल्युमिनियमची एल-प्रोफाइल घालतात. आणि पावसाळ्यात त्या रुळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते बघा. ती बुजली की रुळातलं पाणी घरात येतं, आणि सगळ्यात आधी ही कड भिजते.

एक गोष्ट कडेची नाही, पण कडेवर परिणाम करते. लोखंडी कपाट एका भिंतीला आणि पुस्तकांचा भरलेला रॅक समोरच्या भिंतीला, अशी दोन्हीकडून जमीन दाबली की फट असून नसल्यासारखी होते. जड सामान एका बाजूला घ्या. फिटिंगचं कपाट करायचं असेल तर ते आधी करा आणि जमीन त्याच्या पायापर्यंत आणा, खाली घालू नका.

पुराच्या पट्ट्यातल्या वाचकांना मात्र मी पट्टीचं काही सांगणार नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी कुठवर आलं याची खूण अनेक घरांच्या भिंतींवर आहे. सुतारवाड्यात तर पाणी बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी येतं. नाव सुतारांचं आणि लाकडी जमीन घालायला जागा सगळ्यात वाईट. अशा तळमजल्यावर एचडीएफच्या जमिनीची कड कितीही नेटकी झाकली तरी दोन दिवस पाण्यात राहिलेला गाभा परत होत नाही. तिथे फरशीच बरी. फारच हौस असेल तर एसपीसी घाला, आणि तिच्या पट्ट्या क्रमाने नंबर घालून ठेवा, म्हणजे पुराचा इशारा आला की बीडिंग ओढून जमीन उचलता येईल.

पाणी रोजच्या पोछ्याचंही आहे. जुनं टाइलचं स्कर्टिंग मुळात आलं ते ओल्या फडक्यापासून भिंतीचा रंग वाचवायला. आता त्याच फडक्यापासून जमिनीची कड वाचवायची आहे, आणि पुसणाऱ्या हातांना सवय भिंतीच्या कडेला फडकं पिळायचीच असते. बादली खोलीबाहेर ठेवा आणि फडकं घट्ट पिळून आत आणायला सांगा. पहिले पंधरा दिवस रोज सांगावं लागतं.

आणि पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, एकदा गुडघ्यांवर बसा. ते व्हिजिटिंग कार्ड पट्टीखाली सरकवा आणि भिंतीभिंतीने चालवत न्या. ते सरकत राहिलं तर जमीन मोकळी आहे. जिथे अडेल तिथे गोंद ओघळून जमिनीला लागला आहे किंवा पट्टी दाबून बसली आहे. बारीक ब्लेड घालून तेवढा भाग सोडवून घ्या, पुढे जमीन फुगण्याआधी. आमच्या खोलीत कार्ड तीन भिंतींना सरळ फिरतं आणि दाराशेजारी फूटभर अडतं. शेवटी पट्टी मिस्त्रीनेच लावली, पण तो चहाला गेला होता तेव्हा तेवढा तुकडा मी लावला होता.